वेष्टनावरचा कॅलरीचा आकडा कुठे चुकतो आणि किती

बिस्किटाच्या पाकिटावर ‘दर १०० ग्रॅममागे ४५६ किलोकॅलरी’ (बोलण्यात आपण यांनाच नुसते कॅलरी म्हणतो) असे छापलेले असते, तेव्हा त्या शेवटच्या ६ मुळे आकडा फार नेमका वाटतो. कुणीतरी प्रयोगशाळेत ते बिस्कीट जाळून, निघालेली उष्णता मोजून तो लिहिला असावा, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक बेकरी पदार्थांच्या बाबतीत असे जाळणे होत नाही. घटकांच्या तक्त्यांवरून किंवा प्रथिने, मेद आणि कर्बोदके यांच्या प्रमाणावरून गुणाकार-बेरीज करून आकडा काढला जातो आणि कायद्याने तो मान्यही आहे. त्यामुळे या आकड्याबद्दल शंका घेणाऱ्यांचे चुकते असे मुळीच नाही. मात्र ही शंका बहुधा भलत्याच जागी घेतली जाते. रसायनशास्त्रापेक्षा वजन आणि पाणी या दोन साध्या गोष्टी या आकड्याला अधिक दगा देतात.

आधी गुणाकाराकडे पाहू. एक ग्रॅम प्रथिनाला ४, मेदाला ९ आणि कर्बोदकाला ४ किलोकॅलरी हे गुणक अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर ऑलिन ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगांतून आले. पदार्थ बंद भांड्यात पूर्ण जाळला, तर प्रथिनापासून ग्रॅममागे सुमारे ५.६५ किलोकॅलरी उष्णता मिळते. शरीर मात्र प्रथिनातला नत्र युरियाच्या रूपाने लघवीवाटे टाकून देते आणि त्याबरोबर सुमारे १.२५ किलोकॅलरी निघून जातात. शिवाय खाल्लेले सगळे पचत नाही. या दोन्ही वजावटी केल्या की ४ च्या आसपासचा आकडा उरतो. मेदाचे ९.४ वरून ९ होतात आणि कर्बोदकाचे ४.१५ वरून ४. म्हणजे हे गुणक मुळातच मिश्र आहारासाठी काढलेल्या, सोयीसाठी पूर्णांकात आणलेल्या सरासऱ्या आहेत.

सरासरी म्हटली की एखादा पदार्थ तिच्यापासून दूर असणारच. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत मैद्यातल्या कर्बोदकांसाठी ४.१२, तर कोंड्यासकट दळलेल्या गव्हासाठी ३.७८ असा गुणक दिला आहे. कोंड्याचा बराच भाग न पचता बाहेर पडतो, हे त्याचे कारण. सुक्या मेव्यात हा फरक आणखी मोठा दिसतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना अख्खे बदाम खाऊ घालून, त्यांच्या मलमूत्रातली ऊर्जा मोजून हिशेब केला गेला. नेहमीच्या गुणकांनुसार २८ ग्रॅम बदामांतून सुमारे १७० किलोकॅलरी मिळायला हव्या होत्या, मिळाल्या १२९. बदामाच्या पेशींच्या भिंती चावूनही पुरत्या फुटत नाहीत आणि आतला मेद तसाच पुढे सरकतो. तोच बदाम बारीक वाटला की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून वर अख्खे बदाम लावलेला केक आणि बदामाचे पीठ मिसळलेला केक यांचा छापील आकडा एकच असला, तरी शरीराला मिळणारी ऊर्जा एकच असेल असे नाही. अर्थात केकमध्ये असे बदाम असतात थोडे, आणि त्यांच्यापायी एकूण आकडा फारसा हलत नाही.

गुणाकारातली दुसरी संख्या म्हणजे घटकाचे प्रमाण, आणि तेही दिसते तितके सरळ मोजलेले नसते. प्रथिने सहसा थेट मोजत नाहीत. नत्र मोजून त्याला गव्हासाठी ५.७ ने, तर सर्वसाधारणपणे ६.२५ ने गुणतात. कर्बोदके तर पुष्कळदा मोजलीच जात नाहीत: १०० मधून पाणी, प्रथिने, मेद आणि राख (पदार्थ जाळल्यावर मागे उरणारे क्षार) वजा करून जे उरेल ते कर्बोदक. साहजिकच इतर चार मोजमापांतल्या चुका या उरलेल्या आकड्यात येऊन साठतात. बेकरी पदार्थांत मेदाचीही एक खास अडचण आहे. भाजताना काही मेद स्टार्च आणि प्रथिनांना घट्ट चिकटून बसतो आणि नुसत्या ईथरसारख्या द्रावकाने तो सुटत नाही. पदार्थ आधी आम्लात उकळून मग मेद काढला नाही, तर तो कमी भरतो. आणि मेदाचा एकेक ग्रॅम ९ किलोकॅलरींचा असतो.

एवढे सगळे असूनही प्रयोगशाळेतल्या या चुका साधारणपणे थोड्या टक्क्यांच्या असतात. पाण्याचे तसे नाही. एका साध्या पावाचे उदाहरण घेऊ. ५०० ग्रॅम मैदा, ३२० ग्रॅम पाणी, २० ग्रॅम साखर, २० ग्रॅम तेल आणि मीठ-यीस्ट मिळून १५ ग्रॅम, असा ८७५ ग्रॅमचा गोळा झाला. मैद्याच्या १८२०, साखरेच्या ८० आणि तेलाच्या १८० मिळून २०८० किलोकॅलरी. कच्च्या गोळ्याच्या वजनाने भागले, तर १०० ग्रॅममागे २३८ येतात. पण भट्टीत पाण्याची वाफ होते, कॅलरींची होत नाही. वजन १२ टक्क्यांनी घटून पाव ७७० ग्रॅमचा झाला, तर तेच २०८० आता ७७० ग्रॅममध्ये आहेत, म्हणजे १०० ग्रॅममागे २७०. ज्याने ही घट धरलीच नाही, त्याचा आकडा सुमारे १२ टक्क्यांनी कमी छापला जाईल, तोही काडीचीही लबाडी न करता. आणि घट धरली, तरी ती रोज सारखी नसते. भट्टी थोडी अधिक तापली, पाव दोन मिनिटे जास्त राहिला, साचा लहान असला, की घट ९ टक्क्यांवरून १५ वर जाऊ शकते. तेवढ्याने आकडा २६१ ते २८० असा सरकतो.

याच पावाची ३० ग्रॅमची चकती घरी भाजून २६ ग्रॅमची झाली, तर तिच्यातल्या ८१ किलोकॅलरी तशाच राहतात, पण १०० ग्रॅममागचा आकडा ३१२ होतो. टोस्टमध्ये पावापेक्षा जास्त कॅलरी असतात, हे विधान त्यामुळे खरेही ठरते आणि खोटेही. तुम्ही वजनाने मोजता की चकतीने, यावर ते अवलंबून आहे.

आता वजनाकडे वळू. वेष्टनावर लिहिलेल्या निव्वळ वजनापेक्षा सरासरी माल कमी भरला, तर उत्पादक कायद्याने अडचणीत येतो. त्यामुळे यंत्र थोडे जास्त भरण्याकडे झुकवून ठेवलेले असते. ग्राहकाला तो फायदाच वाटतो, पण जास्तीच्या वजनाबरोबर जास्तीच्या कॅलरीही येतात. नगाच्या हिशेबात हा फरक अधिक जाणवतो. ‘एक वाढप म्हणजे तीन बिस्किटे, ३० ग्रॅम’ असे लिहिलेले असते, पण तीन बिस्किटे ३३ ग्रॅम भरली तर इतर सगळे आकडे अचूक असूनही खाणाऱ्याच्या हिशेबात १० टक्क्यांची चूक शिरते. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत २४ लोकप्रिय खाऊंची ऊर्जा मोजली गेली. वाढपाच्या वजनातला फरक जमेस धरल्यावर ती छापील आकड्यापेक्षा मध्यमानाने सुमारे ४ टक्के जास्त निघाली. मला हा निष्कर्ष दिलासा देणारा वाटतो, कारण ४ टक्के म्हणजे फसवणूक म्हणण्याजोगा आकडा नव्हे.

कायद्याची सूट याहून बरीच सैल आहे. अमेरिकेच्या नियमानुसार तपासणीत कॅलरी, मेद किंवा साखर छापील आकड्याहून २० टक्क्यांपेक्षा जास्त निघाली, तरच वेष्टन चुकीचे ठरते, आणि तेही १२ पाकिटांचा नमुना एकत्र करून. शिवाय ५० च्या वरच्या कॅलरी जवळच्या दहाच्या पटीत आणायच्या असतात. युरोपीय संघाच्या मार्गदर्शक सूचनांत १०० ग्रॅममध्ये १० ते ४० ग्रॅम मेद असेल, तर २० टक्के कमी-जास्त चालते. २० ग्रॅम मेद छापलेल्या बिस्किटात तो १६ ते २४ ग्रॅम असू शकतो, आणि त्या एका घटकानेच ७२ किलोकॅलरींची दरी पडू शकते. ही सूट पाहून अनेकजण चिडतात. पण पीठ, अंडी, लोणी हे शेतातून आणि गोठ्यातून येणारे जिन्नस आहेत. त्यांचा ओलावा आणि मेद दर खेपेस बदलतो, तेव्हा सूट ठेवावीच लागते. ती किती असावी, यावर मात्र वाद जरूर होऊ शकतो.

गंमत म्हणजे एकाच केकला दोन देशांत दोन आकडे मिळू शकतात. ‘साखर नाही’ असे मिरवणाऱ्या केकमध्ये बहुधा माल्टिटॉल किंवा एरिथ्रिटॉल यांसारखे गोडवा देणारे अल्कोहोल साखरेऐवजी घातलेले असते. माल्टिटॉलसाठी युरोपात ग्रॅममागे २.४ किलोकॅलरी धरतात, अमेरिकेत २.१. तंतूंसाठी (फायबर) युरोपात २ धरतात आणि कर्बोदकांच्या आकड्यात ते मोजत नाहीत. अमेरिकी वेष्टनावर एकूण कर्बोदकांत तंतूही येतात. अशा वेळी ४-९-४ ने केलेली बेरीज छापील आकड्याशी जुळली नाही, म्हणजे लबाडी झाली असे समजू नये.

मग घरबसल्या खोटा आकडा ओळखता येतो का? ढोबळ खोटेपणा ओळखता येतो, आणि त्याला फक्त तराजू लागतो. बेकरीचा पदार्थ म्हणजे पाणी, थोडे मीठ-राख, आणि बाकी सगळे ऊर्जा देणारे. कुरकुरीत बिस्किटात पाणी जेमतेम ३ ते ५ टक्के असते. मीठ-राखेचे २ ग्रॅम सोडले, तर १०० ग्रॅममध्ये सुमारे ९३ ग्रॅम कोरडा भाग उरतो. त्याला ४ ने गुणायचे, मेदाच्या प्रत्येक ग्रॅममागे ५ मिळवायचे आणि तंतूंच्या प्रत्येक ग्रॅममागे २ वजा करायचे. १५ ग्रॅम मेदाच्या बिस्किटाचे ३७२ अधिक ७५, म्हणजे ४४७ होतात. पावात पाणी ३८ टक्के धरले आणि मेद ३ ग्रॅम, तर ६० गुणिले ४ अधिक १५, म्हणजे २५५. बिस्कीट कुरकुरीत आहे, त्यात भरमसाट तंतू किंवा गोडवा देणारी अल्कोहोले नाहीत आणि तरी आकडा ३२० छापलेला आहे, तर तो शक्यच नाही. मेद, कर्बोदके, प्रथिने, तंतू आणि मीठ यांची बेरीज ७५ ग्रॅम येत असेल, तर उरलेले २५ ग्रॅम कशाचे, हा प्रश्न विचारायलाच हवा.

अमेरिकेत २००० नंतरच्या काही वर्षांत गाजलेले एक प्रकरण या कसोटीवर घासून पाहण्याजोगे आहे. एका विक्रेत्याने साधे डोनट घेऊन, त्यांना नवे वेष्टन चढवून ते कमी मेदाचे म्हणून विकले. वेष्टनावर ३ ग्रॅम मेद आणि १३५ कॅलरी छापल्या होत्या. तपासणीत १८ ग्रॅम मेद आणि ५३० कॅलरी निघाल्या आणि विक्रेता तुरुंगात गेला. छापील आकडे खरे मानले, तर मेदाच्या २७ कॅलरी वगळून उरलेल्या १०८ ना २७ ग्रॅम कर्बोदके-प्रथिने पुरतात. म्हणजे कोरडा भाग फक्त ३० ग्रॅम, आणि पाणी धरून अख्खा डोनट ४० ग्रॅमच्या आसपास. तपासणीतल्या आकड्यांवरून हाच हिशेब केला, तर कोरडा भाग ११० ग्रॅम आणि डोनट १४० ग्रॅमच्या आसपास यायला हवा. मुठीत मावणारा डोनट आणि पंज्याएवढा डोनट यांतला हा फरक आहे.

दहा-पंधरा टक्क्यांची चूक मात्र अशी पकडता येत नाही, कारण पाण्याचे प्रमाण घरी कळत नाही. तिच्याबद्दल एवढेच ध्यानात घ्यावे की भट्टीच्या तापमानामुळे किंवा पिठाच्या ओलाव्यामुळे होणारी चूक कधी वर, कधी खाली जाते आणि महिन्याभराच्या हिशेबात बरीचशी फिटते. उलट, ३० ग्रॅमचे वाढप म्हणून रोज ४० ग्रॅम खाल्ले जात असतील, तर ती चूक नेहमी एकाच बाजूची असते आणि रोज साचत जाते. तिचा दोष मात्र वेष्टनाला देता येत नाही.