गोठ्यातील धूळ आणि दमा

गुरे, शेण, माती यांच्या सहवासात वाढलेल्या मुलांना ॲलर्जी व दमा कमी होतो, या निरीक्षणावर उभा असलेला वैद्यकीय विचार. तो ‘स्वच्छता-गृहीतक’ म्हणून ओळखला जातो. हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे, कारण हात न धुण्याचा सल्ला त्यात कुठेच नाही.

१९८९ मध्ये ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ साली जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांच्या नोंदी तपासल्या. घरात थोरली भावंडे जितकी जास्त, तितका परागकणांनी होणारा सर्दी-शिंकांचा त्रास कमी, असे त्यांना दिसले. पुढे लक्ष शेतघरांकडे वळले. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट हे दोन्ही समाज मूळचे युरोपातले आणि शेतीवरच जगणारे. आमिशांची गुरे-घोडी घरालगत असतात, तर हटराइटांची शेती यांत्रिक व घरापासून दूर. आमिश मुलांत दमा सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत २१ टक्के. २०१६ च्या अभ्यासात आमिश घरांतली धूळ उंदरांच्या नाकात घातली, तेव्हा त्यांच्या श्वासनलिकांचा दाह टळला. हटराइट घरांतल्या धुळीने टळला नाही.

असे का होते, याचा एक धागा बेल्जियममधील गेंट येथे २०१५ मध्ये सापडला. काही जीवाणूंच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन असते. ते थोडे थोडे, वारंवार श्वासातून गेले की श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी ए-२० हे प्रथिन वाढवतात आणि पुढच्या चिथावणीला संयमाने उत्तर देतात. ज्या उंदरांच्या अस्तरातून ए-२० काढून टाकले, त्यांना हे संरक्षण मिळाले नाही.

सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा-सांगोल्याकडे हे चित्र डोळ्यांसमोर आणणे सोपे आहे. पहाटे आई धार काढते, लेकरू दावणीजवळ पोत्यावर बसलेले असते. ज्वारीच्या कडब्याची पेंढी सोडली की बारीक धूळ उडते, खाली शेण-मूत. युरोपीय अभ्यासांत संरक्षण सर्वांत ठळक दिसले ते पहिल्या वर्षातच गोठ्यात वावरलेल्या मुलांत, आणि आई गरोदरपणी गोठ्यात काम करत असेल तर त्याचाही हातभार दिसला. मात्र तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. इथे अनेक घरांत गोठ्याला लागून चूल असते आणि चुलीचा धूर लहानग्यांच्या फुप्फुसांना अपायच करतो. कच्च्या दुधाचेही तसेच. त्यातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार होऊ शकतो, म्हणून दूध उकळलेच पाहिजे. दमा आधीच जडलेल्या मुलाला गोठ्यात नेऊन बरे करता येत नाही. कडब्याच्या धुळीने त्याला उलट झटका येऊ शकतो, आणि त्याचा पंप बंद करणे तर धोक्याचेच.

धूळ म्हणजे सरसकट औषध नव्हे, याचा दाखला सोलापूर ज्यावर वाढले त्या धंद्यातच आहे. शहरातली पहिली कापडगिरणी, ‘जुनी मिल’, १८७७ मधली. कापसाच्या कच्च्या धुळीतही जीवाणूंचे एंडोटॉक्सिन असते, पण मोठ्या माणसाच्या छातीत ते वर्षानुवर्षे, भरपूर प्रमाणात जाते. त्यातून बिसिनोसिस हा गिरणी कामगारांचा रोग होतो. सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळून येते, धाप लागते. सुरुवातीला दुसऱ्या दिवशी आराम पडतो, पुढे आठवडाभर धाप राहते. कापूस पिंजून साफ करणाऱ्या ब्लो-रूम व कार्डिंग खात्यांत हा त्रास सर्वाधिक, विणाईत त्या मानाने कमी.