नाव अडलं की वाट अडली?

घरात तीन-चार उपकरणं एकाच वाय-फायवर आहेत. एक ठरावीक वेबसाइट सगळीकडे उघडते, फक्त एका कॉम्प्युटरवर उघडत नाही. त्या कॉम्प्युटरवर बाकीच्या साइट मात्र व्यवस्थित चालतात. अशा वेळी "साइट ब्लॉक झालीय" असं म्हटलं जातं आणि मग हाताला येईल ती सेटिंग बदलायला सुरुवात होते.

पण "ब्लॉक झालीय" या शब्दांखाली दोन निराळे बिघाड असतात. साइट उघडताना कॉम्प्युटर आधी तिच्या नावावरून आकड्यांचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस शोधतो आणि मग त्या पत्त्यापर्यंत जाऊन पान मागतो. पत्ता मिळाला नाही किंवा चुकीचा मिळाला, तर नाव अडलं. पत्ता बरोबर मिळाला, पण पुढे जाता आलं नाही, तर वाट अडली. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, कितीही वेळा बदललं तरी अँटीव्हायरसने अडवलेली साइट उघडणार नाही, आणि फायरवॉल बंद केल्याने चुकीचा पत्ता बरोबर होणार नाही. एका साइटपायी आख्खं विंडोज नव्याने टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. हा फरक आधी पाहिला असता तर त्यांचं काम दहा मिनिटांत झालं असतं.

त्याआधी एक खात्री करून घ्या. मोबाइलवर साइट उघडते म्हणता, तेव्हा मोबाइल खरंच घरच्या वाय-फायवर आहे ना? मोबाइल डेटा बंद करून पुन्हा बघा. तो डेटावर चालत असेल तर या तुलनेला अर्थ राहत नाही. बिघाड सगळ्या घराच्या जोडणीचाही असू शकतो. आणि साइटवाल्यांनीच आपल्याला अडवलं असेल, ही शंका बहुतेकदा चुकीची असते. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत घरातली सगळी उपकरणं बाहेर एकाच पत्त्याने दिसतात, त्यामुळे तो पत्ता अडवला तर सगळ्यांचीच साइट बंद व्हायला हवी. याला अपवाद आहेत: त्या एका कॉम्प्युटरवर व्हीपीएन (रहदारी दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय) चालू असेल, आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीमुळे त्याला स्वतंत्र पत्ता असेल, किंवा जुन्या कुकीमुळे (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीमुळे) साइट त्या ब्राउझरला नाकारत असेल. साइटकडून ४०३ आकड्याचं पान येत असेल, तर नावही नीट आहे आणि वाटही. तिथे कुकी पुसून बघणं, व्हीपीएन बंद करणं एवढंच करायचं.

आता मुख्य अडचण. स्क्रीनवरचा संदेश वाचून नाव अडलंय की वाट, हे कळेल असं वाटतं, आणि कधी कधी कळतंही. क्रोममध्ये 'एनएक्सडोमेन' हा शब्द दिसला तर नावाचा घोटाळा असतो. पण 'कनेक्शन रिफ्यूज्ड' किंवा 'टाइम्ड आउट' दिसलं की वाट अडली असं धरून चालणं धोक्याचं आहे. समजा, कॉम्प्युटरला त्या साइटचा पत्ता म्हणून १२७.०.०.१ मिळाला. हा पत्ता म्हणजे तो कॉम्प्युटर स्वतःच. ब्राउझर स्वतःच्याच दारावर थाप मारतो, आत वेब सर्व्हर नसतो, आणि उत्तर येतं 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. संदेश वाटेबद्दल बोलतो, पण चूक नावात असते. जुना, आता बंद पडलेल्या सर्व्हरचा पत्ता मिळाला तरी तसंच: ब्राउझर वाट बघून थकतो आणि 'टाइम्ड आउट' म्हणतो. म्हणून संदेशापेक्षा प्रत्यक्ष कोणता पत्ता मिळाला, ते बघायला हवं.

विंडोजवर त्यासाठी दोन हत्यारं पुरतात. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एनएसलुकअप' आणि पुढे साइटचं नाव लिहा. मग 'पिंग' आणि तेच नाव. (दोन्ही अर्थातच इंग्रजी अक्षरांत: nslookup आणि ping.) दोघंही पत्ता सांगतात, पण तो वेगवेगळ्या ठिकाणाहून आणतात. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो. पिंग मात्र कॉम्प्युटरच्या नेहमीच्या रस्त्याने जातो: आधी होस्ट्स फाइल (कॉम्प्युटरवरचीच नावं आणि पत्त्यांची यादी) आणि साठवलेली जुनी उत्तरं, मग सर्व्हर. म्हणून दोघांच्या उत्तरांमधली तफावत हीच खूण. पिंगला पुढे प्रतिसाद मिळतो की नाही, याकडे लक्ष देऊ नका. चांगल्या चालणाऱ्या कित्येक साइट पिंगला उत्तरच देत नाहीत. आपल्याला फक्त पहिल्या ओळीतला पत्ता हवा.

एनएसलुकअपचा पत्ता ठीक, पण पिंगचा १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० असेल, तर दोष कॉम्प्युटरच्या आत, होस्ट्स फाइलमध्ये किंवा साठवणीत. एनएसलुकअपच चुकीचं सांगत असेल, तर त्या कॉम्प्युटरला नेमून दिलेला डीएनएस सर्व्हर तपासायचा. दोन्ही पत्ते ठीक असतील, तर वाट अडली आहे. 'ठीक' कशाला म्हणायचं, हे मात्र सांभाळून ठरवा. मोठ्या साइटना अनेक पत्ते असतात आणि दर वेळी वेगळा मिळू शकतो, त्यामुळे दोन आकडे जुळले नाहीत एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. साइट उघडते त्या लॅपटॉपवरही एनएसलुकअप चालवून बघा.

होस्ट्स फाइलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण एकाच कॉम्प्युटरवर एकच साइट बंद या तक्रारीत माझा पहिला संशय तिच्यावरच असतो. ती डीएनएसपेक्षा जुनी आहे. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या काळात सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एका फाइलीत असत. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि प्रत्येक जण तिची प्रत उतरवून घेई. यंत्रं वाढली तशी ही पद्धत अपुरी पडू लागली, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. जुनी फाइल मात्र प्रत्येक कॉम्प्युटरवर राहिली आणि आजही तिचा शब्द आधी चालतो. विंडोजमध्ये ती सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरांच्या वाटेने सापडते. मॅक आणि लिनक्सवर ती ईटीसी फोल्डरमध्ये असते.

तिच्यात ओळ कोण घालतं? जाहिराती अडवणारं एखादं सॉफ्टवेअर, मुलांसाठी साइट बंद करणारे पालक, कधी घातक प्रोग्रॅम. आणि एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: वेबसाइट बनवणारी माणसं साइट नव्या सर्व्हरवर हलवण्याआधी तपासणीसाठी या फाइलीत तात्पुरती ओळ लिहितात. काम होतं, ओळ तशीच राहते. पुढे कधीतरी तो सर्व्हर बंद होतो किंवा साइट पुन्हा हलते, आणि जिथे साइट घडली त्याच कॉम्प्युटरवर ती दिसेनाशी होते. जगाला दिसते, बनवणाऱ्याला नाही.

ओळ काढायची तर नोटपॅड 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, नाहीतर बदल जतन होणार नाही. जतन करताना नावापुढे 'टीएक्सटी' लागणार नाही हेही बघा, कारण तसं झालं तर मूळ फाइल जशीच्या तशी राहते आणि आपण दुरुस्ती केली या समजात बसतो. मग 'आयपीकॉन्फिग' ही कमांड 'फ्लशडीएनएस' या जोडीसह (ipconfig /flushdns) चालवा, म्हणजे साठवलेली उत्तरं पुसली जातील. ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. त्याची स्वतःची साठवण वेगळी असते.

डीएनएस सर्व्हरच्या बाबतीत, कुणीतरी मुद्दाम कुटुंबासाठीचा सर्व्हर त्या कॉम्प्युटरवर लिहून ठेवलेला असू शकतो. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा त्यातलाच, घातक आणि प्रौढांसाठीच्या साइट अडवणारा. सेटिंग 'आपोआप' वर आणली की प्रश्न मिटतो. पण ती कुणी आणि का बदलली होती, हे घरात आधी विचारून घ्यावं.

वाट अडली असेल तर शोध वेगळ्या दिशेने. प्रायव्हेट विंडोत साइट उघडली, तर एक्स्टेंशन किंवा कुकी. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडली, तरी तेच. कुठेच नाही उघडली, तर तोच कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. ही चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. हॉटस्पॉटवर साइट उघडली तर अडथळा राउटरमध्ये आहे: पॅरेंटल कंट्रोलमध्ये उपकरणाच्या ओळखक्रमांकावरून, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवरून एकट्या कॉम्प्युटरला साइट बंद करता येते. हॉटस्पॉटवरही नाही उघडली, तर अडथळा कॉम्प्युटरच्या आतच. मग अँटीव्हायरसची नोंदवही वाचा. बहुतेक अँटीव्हायरस वेबची रहदारीही तपासतात, आणि जोडणी एन्क्रिप्टेड असली तरी सुरुवातीच्या निरोपात साइटचं नाव बहुधा उघडंच असतं, त्यामुळे एकच नेमकी साइट अडवणं त्यांना जमतं. सगळं संरक्षण बंद करून बघण्यापेक्षा नोंदीत त्या साइटचं नाव शोधा आणि पटलं तर तेवढीच सूट द्या. विंडोजच्या प्रॉक्सी (रहदारी मध्यस्थामार्फत नेण्याच्या) सेटिंगमध्ये 'सेटअप स्क्रिप्ट'चा पत्ता लिहिलेला असेल तर तोही बघा. अशी स्क्रिप्ट एकाच साइटला आडवाटेला लावू शकते.

एक प्रकार मात्र या दोन्ही कप्प्यांत नीट बसत नाही. होस्ट्स फाइल स्वच्छ, एनएसलुकअप बरोबर, फायरवॉलमध्ये काही नाही, आणि उघडत नाहीत त्या साइट नेमक्या अँटीव्हायरस कंपन्यांच्या. २००८ मध्ये पसरलेला कॉन्फिकर हा वर्म (आपणहून पसरणारा घातक प्रोग्रॅम) असंच करत असे: विंडोजचा नाव शोधणारा भाग तो मेमरीतच बदलायचा, होस्ट्स फाइलीत मागमूस ठेवायचा नाही. अशी लक्षणं दिसली तर त्या कॉम्प्युटरवर आणखी खटपट न करता दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर स्कॅनर उतरवून पेनड्राइव्हने आणावा, आणि तो पेनड्राइव्ह परत कुठेही लावण्याआधी तपासावा, कारण कॉन्फिकर पेनड्राइव्हवरूनही पसरत असे.