वाटीत काय आहे, हे विचारायला वेळच लागला

सहाव्या महिन्यात उष्टावण हे आपल्याकडे गृह्यसूत्रांपासून चालत आलंय आणि पुण्यात अजूनही तारीख ठरली की मामाकडून चांदीची वाटी-चमचा येतोच. खीर चाटवली, फोटो झाले. पण पुढचे सहा महिने त्या वाटीत काय जातं, हे बघायला जगालाही बराच वेळ लागला.

सुरुवातीची लढाई डब्याच्या दुधाशी होती आणि ती गरजेचीच होती. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या जाहिरातबाजीवर आचारसंहिता आणली, १९९२ मध्ये आपल्याकडे कायदा आला. मग वाद वरचं अन्न कधी सुरू करायचं यावर अडकला, म्हणजे तोवर सल्ला चार ते सहा महिन्यांचा होता, तो २००१ मध्ये पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध असा झाला. आहार कसला, याचं मोजमाप २००८ मध्ये ठरलं, बाळाला दिवसात सातपैकी निदान चार प्रकारचे पदार्थ मिळावेत, आणि २०२१ मध्ये ते आठपैकी पाच झालं, त्यात आईचं दूध हाही एक प्रकार धरला, तेव्हा अंगावर पिणाऱ्या बाळाला वरून निदान चार हवेत.

माझ्या भाचीला आठव्या महिन्यात वरणाचं पाणी द्यायचे, वरवरचं, निवळ. डाळ पातेल्यात तळाशी आणि बाळाच्या चमच्यात पिवळं पाणी! घरात सगळे प्रेमानेच करत होते, पचायला हलकं म्हणून. पण एवढ्याशा पोटात पाणी भरलं की जागाच उरत नाही, आणि सहा ते आठ महिन्यांत दुधाशिवाय रोज साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरात ३००. शिवाय जन्माच्या वेळचा लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फारच कमी असतं, मग हे वरूनच यायला हवं ना?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या फक्त ११.३ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत होता. वाचून पोटात कालवतं, कारण ह्यात खात्यापित्या घरातली मुलंही आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा सल्ला अंडं, मासे, मटण रोज असावं असा आहे. आमच्यासारख्या अंडं न येणाऱ्या घरात मग घोटलेली डाळ, दही, पालक, गाजर हे रोज लागतं, आणि आशा सेविकेकडचं लोहाचं सिरप, आठवड्यातून दोनदा एक-एक मिली.