आयटी रेझ्युमेची मांडणी

आयटीतल्या नोकरीसाठी जो रेझ्युमे पाठवतात त्यात कुठली माहिती कुठे आणि किती टाकायची, याची ही रीत. हा कागद आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि मग माणूस, म्हणून साधी, एका कॉलमची मांडणीच सगळ्यात भरवशाची.

बऱ्याच कंपन्या आलेले अर्ज एटीएस (अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम) नावाच्या सिस्टिममध्ये ठेवतात, वर्कडे, ग्रीनहाऊस, टॅलिओ ही त्यातली नेहमी कानावर येणारी नावं. ही सिस्टिम फाईलमधला मजकूर उचलते आणि नाव, फोन, शिक्षण, अनुभव अशा रकान्यांत भरते. एटीएस रेझ्युमे आपोआप बाद करतं अशी भीती फ्रेशर्सना फार घातली जाते, पण बहुतेक वेळा रिक्रूटर जावा, स्प्रिंग बूट, पुणे असं काहीतरी टाकून सर्च मारतो आणि ज्याचा मजकूर नीट उचललाच गेला नाही तो त्या सर्चमध्ये दिसतच नाही, खरा घोळ तिथे होतो.

कॅनव्हावरचे दोन कॉलमचे रंगीत टेम्प्लेट दिसायला छान असतात, पण मजकूर उचलताना डावीकडची स्किल्स आणि उजवीकडचा अनुभव एकाच ओळीत मिसळू शकतो. वर्डच्या हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर काही पार्सर, म्हणजे मजकूर उचलणारी सॉफ्टवेअरं, वाचतच नाहीत. लेटेक या टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या रेझ्युमेत अजून एक बारीक भानगड असते, इंग्रजी एफ आणि आय ही अक्षरं जोडून छापली जातात आणि सेटिंग नीट नसेल तर कॉपी करताना ती जोडी गायब होते, म्हणजे सर्टिफाइड या शब्दाचं स्पेलिंगच मधून तुटतं. तपासायला एक मिनिट लागतं: पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, तिथे जे आणि ज्या क्रमाने दिसेल साधारण तेच मशीनला मिळतं. पांढऱ्या अक्षरात कीवर्ड लपवायची युक्ती पण तिथेच उघडी पडते.

फ्रेशरने शिक्षण आणि प्रोजेक्ट वर घ्यावेत, अनुभवी माणसाने अनुभव, तोही ताजा आधी. फ्रेशरला एक पान पुरतं, आठ-दहा वर्षं काम केलेल्याचं दोन पानांचं झालं तरी काही बिघडत नाही. पण जीव ओतायचा तो बुलेट पॉइंटमध्ये. 'जावा प्रोजेक्टवर काम केलं' यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी 'ऑर्डर शोधणारी क्वेरी 800 मिलिसेकंद घ्यायची, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये इंडेक्स टाकून ती 120 वर आणली' असं लिहिलं की काय केलं, कसं केलं, किती फरक पडला हे एका ओळीत येतं आणि इंटरव्ह्यूला विचारायला धागाही मिळतो. आकडा मात्र खराच हवा, कारण पुढचा प्रश्न त्याच्यावरच येतो. जावा 80 टक्के, पायथन चार स्टार असल्या पट्ट्या काढून टाकाव्यात, 80 टक्के जावा म्हणजे नेमकं किती हे कोणालाच सांगता येत नाही.

आपल्याकडे जुन्या बायोडेटाच्या सवयी अजून टिकून आहेत, वडिलांचं नाव, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, छंद आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं डिक्लरेशन, ठिकाण, तारीख, सही. आयटीत याची गरज नसते. अमेरिकेत तर फोटो आणि वय टाकतच नाहीत, तिथे 1964 चा नागरी हक्क कायदा आणि 1967 चा वयावरून भेदभावाविरुद्धचा कायदा असल्यामुळे कंपन्यांना ही माहिती समोर नकोच असते, जर्मनीत मात्र फोटो लावायची पद्धत बरीच वर्षं चालत आली. कॉलेजमधल्या कॅम्पस भरतीचं थोडं वेगळं आहे, मोठ्या सर्व्हिस कंपन्या बऱ्याचदा दहावी, बारावी आणि डिग्रीला 60 टक्क्यांची अट लावतात, म्हणून तिथे मार्क लिहावेच लागतात, दोन-चार वर्षांच्या अनुभवानंतर ते काढले तरी चालतात.

नोटीस पिरियड आपल्याकडे रिक्रूटर पहिल्याच फोनवर विचारतो, नोकरी डॉट कॉमच्या प्रोफाइलमध्ये त्याचा वेगळा रकाना आहे तिथे तो भरावा. आधार आणि पॅन नंबर रेझ्युमेत अजिबात टाकू नयेत, ही फाईल कुठे कुठे फॉरवर्ड होते ते कळत नाही, आणि पत्ता म्हणून शहराचं नाव पुरतं.