कॉपी-पेस्टमधील फॉरमॅटिंगची गळती

एका कार्यालयीन प्रोग्रॅममधला मजकूर दुसऱ्यात टाकताना त्याचा फाँट, ठळकपणा, समास, क्रमांकन किंवा तक्ते बदलणे अथवा जाणे. ‘गळती’ हा रूढ शब्द तसा सैलच. फॉरमॅटिंग बहुधा वाटेत सांडत नाही, घेणारा प्रोग्रॅमच ते उचलत नाही.

कट-पेस्टचे श्रेय सहसा झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातील लॅरी टेस्लर व टिम मॉट यांच्या ‘जिप्सी’ या मजकूर-संपादन प्रोग्रॅमला (सु. १९७३–७५) देतात. मजकूर बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवण्याची सोय १९६० च्या दशकातील ‘क्यूईडी’ या संपादन प्रोग्रॅममध्येही असल्याने उगम त्याहून मागे नेता येतो, मात्र आजच्या पद्धतीशी जिप्सीचे नाते अधिक जवळचे दिसते.

विंडोजच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेले ठेवण्याच्या तात्पुरत्या जागेत) एकाच मजकुराची अनेक रूपे शेजारीशेजारी असतात : साधा मजकूर, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान सांकेतिके), आरटीएफ (फॉरमॅटिंगसह मजकुराचे रूप; मायक्रोसॉफ्ट, १९८७), एचटीएमएल (वेबपानांचे रूप). घेणारा त्यांतले आपल्याला कळणारे रूप निवडतो. एचटीएमएल रूपाच्या शिरोभागी तुकड्याचा आरंभ व शेवट बाइटांत नोंदवलेला असतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोडच्या बाइटरूपात ३ बाइट घेते, इंग्रजी अक्षर एकच. प्रोग्रॅमने बाइटांऐवजी चिन्हे मोजली, तर मराठी मजकुराचे शेपूट तुटते आणि इंग्रजी शाबूत राहते. चाचणी केवळ इंग्रजीत झाली असेल, तर हा दोष सापडतच नाही. युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमात देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

वर्डमध्ये दोन्ही फायलींत एकाच नावाची स्टाइल (नाव दिलेला फॉरमॅटिंगचा संच) असेल, तर सेटिंग बदललेले नसल्यास जिथे टाकायचे त्या फायलीतली व्याख्या लागू होते. ‘नॉर्मल’ स्टाइलमधला मजकूर म्हणूनच बदलतो. परिच्छेदाचे फॉरमॅटिंग त्याच्या अखेरच्या परिच्छेदचिन्हात असते. ते निवडीबाहेर राहिले, तर मजकूर मधोमध घेण्याची मांडणी व इंडेंट (ओळीची आत सरकवण) मागे राहतात.

युनिकोडपूर्व फाँटांत (कृतिदेव, श्रीलिपी इ.) प्रश्न वेगळा आहे. तिथे देवनागरी हे रोमन सांकेतिकांवर (अक्षरांच्या संगणकीय क्रमांकांवर) चढवलेले रूप असते. कृतिदेवात ‘मराठी’ म्हणजे ई-जे-के-बी-एच. यांतला ‘ठ’चा बी तेवढा मोठ्या लिपीतला. फाँट सुटला की रोमन अक्षरे उघडी पडतात. सांकेतिके शाबूत असल्यास तोच फाँट पुन्हा लावून मजकूर परत दिसतो. ऑटोकरेक्टने वाक्यारंभीचे अक्षर मोठ्या लिपीत नेले, तर मात्र तिथे दुसरेच अक्षर येते. युनिकोडमध्ये रूपांतर करताना पहिली वेलांटी व रफार तपासावेत : कृतिदेवात वेलांटी व्यंजनाआधी आणि रफार अक्षरानंतर टंकित होतो, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलट असतो.

साधा मजकूर हवा असल्यास वर्डमध्ये कंट्रोल+ऑल्ट+व्ही दाबून ‘अनफॉरमॅटेड युनिकोड टेक्स्ट’ निवडतात, लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+व्ही. जुन्या फाँटांतल्या मजकुराला हा मार्ग रूपांतरानंतरच लावावा.