ए-फोर प्रिंटरवर पॅनोरमा निघतो की!

पांडवलेणीवरून काढलेला नाशिकचा लांबलचक फोटो छापायचा म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: "घरचा प्रिंटर ए-फोरचा, त्यावर कसा निघेल?" वर्षानुवर्षं चालत आलेला गैरसमज आहे हा. ए-फोर ही अडचण रुंदीची आहे, लांबीची नाही. इंकजेटचं शाई फवारणारं हेड आडवं फिरतं आणि कागद पुढे सरकत राहतो. त्यामुळे कागद किती लांब चालेल, हे बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरवरचं प्रिंटरचं सॉफ्टवेअरच ठरवतं. त्यात कस्टम साइज उघडून कमाल लांबी बघा. मॉडेलप्रमाणे ती बदलते, काहींत मीटरभरही मिळते.

८ इंच उंच, ३२ इंच लांब फोटोला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) लांबीत ९६०० पिक्सेल लागतात. पण भिंतीवरचा फोटो कोणी नाक लावून बघत नाही, २००ने ६४०० पुरतात.

खरी कटकट कागदाची. २१० मिमी रुंदीचा इंकजेट रोल मिळतो, पण गुंडाळून राहिल्यानं त्याची कड वर उचलते, हेडला घासते आणि गोदावरीवर काळा फराटा उमटतो. म्हणून आधी कागद उलटा वळवून सपाट करा, मागच्या ट्रेमधून सरळ घाला आणि छपाई चालू असताना मागचं टोक हातावर तोलून धरा. ओढू मात्र नका.