ऑनलाइन बुकिंग केलेले घर मनासारखे न निघाल्यास: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दापोली तालुक्यातील कर्दे, मुरूड आणि आंजर्ले या गावांतील काही घरांची देखभाल करून ती पर्यटकांना राहण्यास देण्याचे काम आमचे कार्यालय करते. काही बुकिंग थेट आमच्याकडे होते, तर काही ऑनलाइन सेवांमार्फत येते. दुसऱ्या प्रकारात घरमालक, घर सांभाळणारा आणि पैसे घेणारा हे तिघे वेगवेगळे असू शकतात. त्यामुळे घर नापसंत ठरले की दाद कोणाकडे मागायची, हेच ग्राहकाला उमगत नाही.

पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. घराची छायाचित्रे बहुधा पावसाळा सरल्यावर, परिसर हिरवागार असताना काढलेली असतात. त्याच घराची विहीर मे महिन्यात तळ गाठते आणि जुलैमध्ये त्याच्या जांभ्याच्या भिंतींना ओल येते. म्हणून आपण जाणार त्या महिन्यात पाणी कोठून येते आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर नेमके काय चालते, हे लेखी विचारावे. ‘समुद्राभिमुख’ म्हटलेल्या घराच्या आणि समुद्राच्या मध्ये सुरूचे बन किंवा पोफळीची वाडी असू शकते. अंतराच्या बाबतीत तर खाड्यांचा विसर पडू देऊ नये. दाभोळ आणि धोपावे ही गावे वाशिष्ठीच्या खाडीवर समोरासमोर आहेत, परंतु फेरीबोट चुकली तर गाडीने चिपळूणवरून मोठा वळसा घालावा लागतो. संकेतस्थळावर दिसणारे सरळ रेषेतील अंतर तेथे निरुपयोगी ठरते. मुरूड नावाची गावेही दोन आहेत, एक रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याजवळ आणि दुसरे आमच्या तालुक्यात हर्णैजवळ. तेव्हा तालुका व जिल्हा पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

‘आता एकच खोली शिल्लक’ अशी खोटी घाई करणे किंवा शेवटच्या पानावर अचानक जादा शुल्क जोडणे या क्लृप्त्यांना केंद्र सरकारच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. तरीही त्या आढळतात, म्हणून घराचे वर्णन, एकूण रक्कम आणि बुकिंग रद्द करण्याच्या अटी यांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावेत. वर्णन नंतर बदलले जाऊ शकते.

घरात पोहोचल्यावर उणीव दिसली, तर सामान उघडण्यापूर्वीच छायाचित्रे व व्हिडिओ घ्यावेत, घर सांभाळणाऱ्याला दाखवावे आणि बुकिंग सेवेच्या ॲपमधूनच लेखी तक्रार करावी. अनेक सेवा ग्राहक घरात आल्यानंतर लवकरच घरमालकाला रक्कम देतात, आणि ती एकदा गेली की परतावा मिळणे अवघड होते. चार दिवस राहून घरी परतल्यावर केलेल्या तक्रारीला, ती कितीही खरी असली तरी, फारसे वजन राहत नाही. मात्र गैरसोय आणि उणीव यांत फरक करावा, अशी आमची विनंती आहे. भिंतीवरची पाल, कौलांवर उड्या मारणारी माकडे किंवा सुकत घातलेल्या मासळीचा वास यांसाठी पैसे परत मिळणार नाहीत. ते कोकणात यायचेच. तीन खोल्यांच्या जागी दोनच मिळणे, नळाला पाणी नसणे किंवा वातानुकूलन यंत्र बंद असणे ही मात्र सेवेतील उणीव आहे.

बुकिंग सेवेमार्फत भरलेली रक्कम परत करण्याचा अधिकार आमच्याकडे नसतो. तथापि आमच्या देखरेखीखालील घराबाबत तक्रार असल्यास, प्रत्यक्ष काय आढळले याची सही-शिक्क्यानिशी नोंद आम्ही ग्राहकाला देतो आणि ती तक्रारीस जोडता येते. ई-कॉमर्सविषयक 2020 च्या नियमांनुसार सेवेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ही तक्रार आपण राहता त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे पुण्याच्या ग्राहकाला रत्नागिरीस खेपा घालाव्या लागत नाहीत. मोजलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

परताव्याच्या घाईत आणखी एक धोका असतो. इंटरनेटवर शोधून मिळालेला ‘कस्टमर केअर’ क्रमांक पुष्कळदा भामट्यांचा असतो. सेवेशी संपर्क तिच्या ॲपमधूनच साधावा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, आणि तो मागणाऱ्याचा फोन तत्काळ बंद करावा. रक्कम गेलीच असेल तर विलंब न करता 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेला कळवावे.